शेवटचा निकाल कुणाचा? कॅरिबियन देशांच्या सामायिक कोर्टाची गोष्ट

लोकमान्य टिळकांना वर्षानुवर्षं छळणाऱ्या ताई महाराज प्रकरणाचा अखेरचा निकाल लागला तो १९१५ साली, लंडनमध्ये. वाद पुण्यातल्या एका सरदार घराण्याच्या दत्तकाचा. दत्तकविधान झालं औरंगाबादला. मुंबई हायकोर्टाने निकाल दिला टिळकांच्या विरोधात, आणि तो फिरवला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश राजाच्या सल्लागार मंडळाच्या न्यायिक समितीने. १८३३ च्या कायद्याने उभी राहिलेली ही समिती म्हणजे साम्राज्यातल्या वसाहतींचं शेवटचं कोर्ट. त्यावर दाद मागायला जागाच नव्हती. स्वतंत्र भारताने १९४९ साली कायदा करून तिच्याकडे जाणारी अपिलं बंद केली.

आपल्यापुरता विषय तिथे संपला, पण जगात तो अजून चालू आहे. जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, तरी आजही तिथल्या खटल्याचं शेवटचं अपील लंडनला जातं. त्रिनिदाद आणि टोबॅगो १९७६ पासून प्रजासत्ताक आहे, राणीला निरोप देऊन अर्धशतक होत आलं, पण शेवटचं कोर्ट तेच. जमैकाच्या नागरिकाला ब्रिटनमध्ये पाऊल टाकायला २००३ पासून व्हिसा लागतो, त्रिनिदादच्या नागरिकाला मार्च २०२५ पासून. म्हणजे स्वतःच्या देशाच्या सर्वोच्च कोर्टात आपल्या खटल्याची सुनावणी समोर बसून ऐकायची, तर आधी परक्या सरकारची परवानगी काढायची.

आणि गंमत वाटावी अशी नव्हे, खरोखर विचारात पाडावी अशी गोष्ट पुढे आहे. याच त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, एप्रिल २००५ पासून एक तयार कोर्ट बसलेलं आहे. ते कॅरिबियन देशांनीच करार करून, पैसे घालून उभं केलं. त्याचं नाव कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिस. तिकडे सगळे त्याला सीसीजे म्हणतात. बार्बाडोस, गयाना, बेलीझ, डॉमिनिका आणि २०२३ पासून सेंट लुसिया एवढ्या पाच देशांनी शेवटचं अपील तिथे नेलं. ज्या देशात कोर्टाची इमारत आहे, त्या देशाची अपिलं मात्र अजून समुद्र ओलांडून जातात.

हे असं का झालं? "अजून गुलामगिरी डोक्यातून गेली नाही" हे उत्तर तोंडावर येतं आणि तिकडचे बरेच पुढारी तेच देतात. मला ते अपुरं वाटतं, आणि लंडनच्या बाजूने मत देणाऱ्या माणसांवर अन्याय करणारंही.

आधी, अनेक देशांत मिळून एकच कोर्ट कशाला, हे बघू. डॉमिनिकाची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास, ग्रेनाडाची सव्वा लाखाच्या घरात. एवढ्या लहान बेटावर मंत्री, वकील, न्यायाधीश आणि आरोपीचा मामा एकाच शाळेत शिकलेले असतात. शिवाय पाच-सात वरिष्ठ न्यायाधीश, ग्रंथालय, कर्मचारी असा सगळा बारदाना एकट्याने पोसणंही परवडत नाही. क्रिकेटचा संघ ही बेटं एकत्र येऊन उभा करतात, तसंच शेवटचं कोर्टही एकत्र येऊन उभं करायचं, ही कल्पना १९७० मध्ये जमैकाने मांडली. कागदावरून प्रत्यक्षात यायला तिला पस्तीस वर्षं लागली.

या कोर्टाची कामं दोन. पहिलं, कॅरिबियन देशांच्या आपसातल्या व्यापार आणि संचाराच्या कराराचा अर्थ लावणं. हे काम करारातल्या सगळ्या देशांना लागू आहे, जमैका आणि त्रिनिदादलाही. २०११ मध्ये जमैकाच्या एका तरुणीला बार्बाडोसच्या विमानतळावर अपमानास्पद झडती घेऊन, रात्रभर डांबून परत धाडलं. तिने थेट या कोर्टात दावा लावला. २०१३ मध्ये निकाल आला: एका सदस्य देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात सहा महिने राहण्याचा हक्क आहे, आणि बार्बाडोस सरकारने तिला भरपाई द्यावी. मायरी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. एका साध्या प्रवासी बाईने एका देशाच्या सरकारला हरवलं, हे त्या बेटांवर लोकांना दिसलं.

दुसरं काम शेवटच्या अपिलाचं. वाद आहे तो इथे.

पगार कोण देतं, काढतं कोण

न्यायाधीश स्वतंत्र आहे की नाही, हे त्याचा स्वभाव बघून ठरवता येत नाही. भला माणूससुद्धा मुदतवाढीसाठी कुणाच्या तरी तोंडाकडे बघायची वेळ आली की बिचकतो. त्यामुळे बघायचं ते असं, की त्याला नेमतं कोण, काढू शकतं कोण आणि पगाराची थैली कुणाच्या हातात आहे. सीसीजेची घडण या बाबतीत बारकाईने समजून घेण्यासारखी आहे.

न्यायाधीशांची नेमणूक पंतप्रधान करत नाहीत. त्यासाठी अकरा जणांचा आयोग आहे. त्यात कोर्टाचे अध्यक्ष, वकील संघटनांनी सुचवलेले सदस्य, विधी महाविद्यालयांच्या प्रमुखांनी सुचवलेले कायदेपंडित, नागरी संस्थांचे प्रतिनिधी, आणि पाळीपाळीने एकेका देशाच्या न्यायसेवा व लोकसेवा आयोगांचे अध्यक्ष असतात. फक्त कोर्टाच्या अध्यक्षाच्या नेमणुकीला तीन-चतुर्थांश सदस्य देशांची संमती लागते, आणि तिथेही नाव येतं ते आयोगाकडूनच. सरकारांना स्वतःच्या मनातलं नाव पुढे सरकवता येत नाही. एखाद्या न्यायाधीशाला काढायचं तर चौकशी न्यायाधिकरण नेमावं लागतं, त्याचा सल्ला यावा लागतो, मगच आयोग निर्णय घेतो.

खरी हुशारी पैशाच्या बाबतीत आहे. बहुतेक आंतरराष्ट्रीय कोर्टं सदस्य देशांच्या वार्षिक वर्गणीवर चालतात. निकाल आवडला नाही, की वर्गणी उशिरा येते, मग कमी येते, मग येतच नाही. सीसीजेच्या कर्त्यांनी हे ओळखलं. कॅरिबियन विकास बँकेने बाजारातून दहा कोटी अमेरिकी डॉलरचं कर्ज उभारलं, ते एका विश्वस्त निधीत टाकलं, आणि कर्ज फेडायची जबाबदारी सदस्य सरकारांवर ठेवली. निधी सांभाळणारे विश्वस्त वेगळे. ते पैसे गुंतवतात आणि त्यातून पगार, निवृत्तिवेतन, कोर्टाचा खर्च भागतो. सरकार चिडलं तरी कर्जाचा हप्ता बँकेला द्यायचाच. न्यायाधीशाचा पगार त्याच्या हातात नाही. जिल्हा कोर्टाच्या छपराच्या दुरुस्तीसाठीही मंत्रालयाकडे डोळे लावून बसावं लागतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं मोल सांगायला नको.

"फाशीचं कोर्ट"

तरीही सुरुवातीपासून या कोर्टावर एक डाग होता. जमैकात अर्ल प्रॅट आणि आयव्हन मॉर्गन यांना १९७९ मध्ये खुनासाठी फाशीची शिक्षा झाली. चौदा वर्षं ते फाशीच्या कोठडीत होते. या काळात तीनदा त्यांच्या फाशीचा हुकूम निघाला आणि तीनदा ती टळली. १९९३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की इतकी वर्षं मृत्यूच्या छायेत ठेवणं हीच अमानुष शिक्षा आहे, आणि पाच वर्षांहून जास्त विलंब झाला तर सहसा फाशी देता येणार नाही. साऱ्या बेटांवरच्या कित्येक कैद्यांची फाशी त्यामुळे जन्मठेपेत बदलली. गुन्हेगारीने हैराण झालेली जनता संतापली, पुढाऱ्यांनी तो संताप उचलून धरला, आणि प्रादेशिक कोर्टाची मागणी नेमकी त्याच सुमारास जोर धरू लागली. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या वकिलांनी म्हटलं, यांना आपलं कोर्ट हवंय ते माणसं लटकवायला.

संशय रास्त होता. पण पुढे काय घडलं, ते बघण्यासारखं आहे. २००६ मध्ये बार्बाडोस सरकार दोन कैद्यांची फाशी कायम करून घ्यायला सीसीजेकडे गेलं, आणि सरकारचं अपील फेटाळलं गेलं.

त्याहून मोठी गोष्ट २०१८ ची. ती कळायला एक तांत्रिक मुद्दा समजून घ्यावा लागेल. या देशांना स्वातंत्र्य देताना घटनेत एक कलम घालून ठेवलं होतं, की स्वातंत्र्यापूर्वीचे कायदे मूलभूत हक्कांच्या विरोधात असले तरी त्या कारणासाठी रद्द ठरवता येणार नाहीत. वसाहतीचे कायदे गोठवून ठेवणारं कलम. त्यातलाच एक कायदा म्हणजे खुनाला फाशी हीच एकमेव शिक्षा. परिस्थिती काहीही असो, न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. २००४ मध्ये बार्बाडोसच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, कायदा कठोर आहे, पण कलमामुळे आमचे हात बांधलेले आहेत. २०१८ मध्ये सीसीजेने त्याच बार्बाडोसची सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी गयानाचा १८९३ चा एक कायदाही रद्द झाला. पुरुषाने स्त्रीचा वेश केला तर तो गुन्हा, असा तो कायदा होता आणि २००९ मध्ये चार ट्रान्सजेंडर स्त्रियांना त्याखाली दंड झाला होता. मग २०२२ मध्ये त्रिनिदादचा तसाच प्रश्न लंडनला गेला, तेव्हा तिथल्या नऊ न्यायाधीशांनी जुन्या कलमाचा आधार घेऊन सक्तीची फाशी वैध ठेवली.

माझ्या मते या संपूर्ण वादातली ही सर्वांत महत्त्वाची घडामोड आहे. ज्या कोर्टाला फाशीचं कोर्ट म्हटलं गेलं, त्याने सक्तीची फाशी मोडली. आणि हक्कांचं रक्षण करणारं म्हणून ज्याच्याकडे पाहिलं जायचं, त्याने ती राखली. लंडनचे न्यायाधीश वाईट आहेत असं नाही. दुसऱ्यांच्या समाजासाठी निकाल देणारा माणूस जुनं कलम जसंच्या तसं वाचण्यात सुरक्षितता शोधतो. त्या समाजात राहणारा न्यायाधीश विचारू शकतो, की आपण हे ओझं किती दिवस वाहायचं?

लंडनने दाखवलेली फट

आता याची दुसरी बाजू, आणि तीही तितकीच मनापासून सांगायला हवी. जमैकाच्या सरकारने २००४ मध्ये तीन कायदे केले आणि साध्या बहुमताने प्रिव्ही कौन्सिलच्या जागी सीसीजे आणलं. मानवी हक्क संघटना कोर्टात गेली. शेवटचं अपील अर्थातच लंडनला, म्हणजे ज्याची खुर्ची काढली जात होती त्याच्याचकडे. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथले न्यायाधीश लॉर्ड बिंगहॅम यांनी निकालपत्र वाचलं आणि तिन्ही कायदे रद्द झाले. जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, बऱ्याच लोकांना हा अधिक्षेप वाटला.

पण निकालातला युक्तिवाद वाचला की बोलती बंद होते. जमैकाच्या घटनेत वरिष्ठ न्यायाधीशांना मिळालेलं संरक्षण पक्कं आहे. ते बदलायचं तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. नव्या कोर्टाचे न्यायाधीश मात्र एका आंतरराष्ट्रीय कराराच्या जोरावर खुर्चीत बसणार, आणि करार सरकारं आपसात बसून बदलू शकतात. म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाला भक्कम भिंत आणि त्याच्या डोक्यावर बसणाऱ्याला कुडाची. बिंगहॅम यांनी सीसीजेच्या रचनेची कदर केली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ते कोर्ट आणा, पण घटनेच्या पूर्ण संरक्षणासकट आणा.

ही भीती पुस्तकी नव्हती, हे पाचच वर्षांत कळलं, तेही आफ्रिकेत. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या देशांच्या संघटनेचं, एसएडीसीचं, न्यायाधिकरण नामिबियाच्या विंडहोकमध्ये होतं. झिंबाब्वेने भरपाई न देता शेतजमिनी ताब्यात घेतल्या होत्या आणि घटनादुरुस्ती करून त्याविरुद्ध कोर्टात जायची वाटच बंद केली होती. माइक कॅम्पबेल नावाच्या शेतकऱ्याने या न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. खटला चालू असतानाच त्याला जबर मारहाण झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. गोऱ्या मळेवाल्यांकडे जमिनी कशा आल्या, तो वसाहतीचा इतिहास जुलमाचा आहे, आणि भूमिहीनांना जमीन मिळायलाच हवी होती. न्यायाधिकरणाचं म्हणणं वेगळं होतं: कुणाचीही मालमत्ता घेताना त्याला कोर्टाचं दार बंद करता येत नाही, आणि वंशावरून भेदभाव करता येत नाही.

झिंबाब्वेने निकाल पाळला नाही. न्यायाधिकरणाने राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेकडे पुन्हा पुन्हा तक्रार केली. परिषदेने झिंबाब्वेला काही केलं नाही, न्यायाधिकरणालाच हात घातला. कोणत्याही न्यायाधीशाला काढलं नाही. गरजच पडली नाही. २०१० मध्ये मुदत संपलेल्यांना पुन्हा नेमलं नाही, नवे नेमले नाहीत, पुढच्या वर्षी नवे खटले घ्यायचे नाहीत असं ठरवलं, आणि २०१२ मध्ये नागरिकांना तिथे जाण्याचा हक्कच काढून टाकला. एक चालतं कोर्ट कुलूप न लावता बंद पडलं. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये, आपल्या राष्ट्राध्यक्षांनी यात भाग घेणं घटनाबाह्य होतं असा निकाल दिला. न्यायाधिकरण त्याने परत आलं नाही.

मतदार "नको" म्हणाले तेव्हा

कॅरिबियन बेटांवर जनतेला थेट विचारलं गेलं तेव्हा सीसीजेचा पराभव झाला. ग्रेनाडाने २०१६ मध्ये नकार दिला. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी ग्रेनाडा आणि अँटिग्वा या दोन्ही देशांत एकाच दिवशी सार्वमत झालं. बदलासाठी दोन-तृतीयांश मतं हवी होती, पण साधं बहुमतही मिळालं नाही.

सार्वमत घेणारं सरकार ज्या पक्षाचं, त्याच्यावरचा राग अशा मतपेटीत उतरतो, हे खरं आहे. कोर्टाच्या कामाची माहिती लोकांपर्यंत नीट गेली नाही, हेही खरं. पण त्याखाली आणखी एक थर आहे. लहान बेटावरच्या माणसाने आपली खालची कोर्टं पाहिलेली असतात. वर्षानुवर्षं न लागणारे निकाल, मंत्र्याच्या ओळखीने हलणारी फाइल. त्याला वाटतं, चार हजार मैलांवर बसलेल्या माणसाला निदान आमचा मंत्री ओळखत नाही. अंतर हीच त्याला निःपक्षपातीपणाची हमी वाटते. आणि त्याच्याजवळ पुरावाही आहे. गयानाने १९७० मध्ये प्रजासत्ताक होताना लंडनची अपिलं बंद केली आणि स्वतःचं अपील न्यायालय सर्वोच्च केलं. फोर्ब्स बर्नहॅम यांच्या त्या राजवटीत सत्ताधारी पक्षाचा झेंडा त्या कोर्टाच्या इमारतीवर फडकत होता. परक्याचं कोर्ट गेलं म्हणजे आपलं कोर्ट स्वतंत्र झालं, असं गयानाच्या माणसाला तरी कुणी सांगू नये.

म्हणूनच गयानाचंच पुढचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. २००५ मध्ये त्या देशाने शेवटचं अपील सीसीजेकडे दिलं. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या ६५ जणांच्या सभागृहात सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव ३३ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झाला. सत्ताधारी पक्षाच्या एका सदस्याने बाजू बदलली होती. सरकारने युक्तिवाद केला, की ६५ चं अर्ध साडेबत्तीस, ते पूर्ण करून ३३, आणि बहुमत म्हणजे त्याहून एक जास्त, ३४. देशाच्या अपील न्यायालयाला हे पटलं! सीसीजेने जून २०१९ मध्ये तो हिशोब बाजूला सारला: ६५ मध्ये ३३ म्हणजे बहुमत. पुढे मार्च २०२० च्या निवडणुकीचा निकाल महिनोन्‌महिने अडला, फेरमोजणी झाली, आणि मतांच्या वैधतेवरून नवा खटला उभा राहिला. जुलैमध्ये सीसीजेने अपील न्यायालयाचा निर्णय रद्द केला, आणि २ ऑगस्ट रोजी इरफान अली यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. ज्या देशात कोर्टावर पक्षाचा झेंडा होता, तिथे सत्तेवरचं सरकार कोर्टाच्या निकालानंतर पायउतार झालं. हे काम लंडननेही कदाचित केलं असतं. पण शेजारच्या बेटांवरच्या न्यायाधीशांनी केलं, याचा परिणाम वेगळा असतो, कारण "परके आम्हाला शिकवतात" हे म्हणायची सोय हरलेल्या पक्षाला उरत नाही.

लंडनमध्येही याबद्दल फार उत्साह आहे असं नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले अध्यक्ष लॉर्ड फिलिप्स यांनी २००९ मध्ये उघड सांगितलं होतं, की स्वतंत्र देशांच्या अपिलांवर आमच्या न्यायाधीशांचा नको तितका वेळ जातो. शिवाय त्या दारापर्यंत पोचतो कोण? मोठ्या कंपन्या पोचतात, कारण त्यांना परवडतं. फाशीचे कैदी पोचतात, कारण लंडनच्या काही वकील संस्था त्यांचे खटले विनामूल्य लढवतात. बांधाच्या वादातला शेतकरी किंवा नोकरीवरून काढलेली शिक्षिका मात्र खालच्या कोर्टातच थांबते.

सध्या सगळ्यांचं लक्ष जमैकाकडे आहे. राजाला राष्ट्रप्रमुखपदावरून दूर करून प्रजासत्ताक व्हायचं विधेयक तिथल्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये मांडलं. त्यात प्रिव्ही कौन्सिल जिथल्या तिथे ठेवलं होतं. कोर्टाचा प्रश्न नंतर बघू, अशी सरकारची भूमिका. विरोधी पक्षाचं म्हणणं, राजा जाणार आणि राजाचं कोर्ट राहणार हे आम्हाला मान्य नाही, दोन्ही एकदमच व्हायला हवं. जमैकाच्या सिनेटमध्ये २१ सदस्य असतात, १३ सरकारने नेमलेले आणि ८ विरोधी पक्षाने. दोन-तृतीयांश म्हणजे १४. त्यामुळे प्रजासत्ताक असो वा नवं शेवटचं कोर्ट, समोरच्या बाकावरचा निदान एक सदस्य उठून बाजूने उभा राहिल्याशिवाय सिनेटमधली दोन-तृतीयांशाची अट कुठल्याच सरकारला पुरी करता येत नाही.